शिंक आली आणि वुजू गेला

गरोदरपणात शिंकताना, हसताना, जिना उतरताना लघवीचे थेंब निसटतात, हे कितीतरी आयांना ठाऊक असतं. बोलत मात्र कुणी नाही. माझ्या दुसऱ्या खेपेला सहाव्या महिन्यात हे सुरू झालं. शाळेत सलग तास, बाथरूम मैदानाच्या पलीकडे. घरी नमाजेत सजद्यातून उठताना कतरा यायचा. पुन्हा वुजू, पुन्हा नियत. जाऊबाईंना सांगितलं तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "मी तर त्या दिवसांत पाणी कमी केलं होतं, आणि नमाजही सोडली होती."

बहिणींनो, या दोन्हींची गरज नसते. पाणी कमी केलं की लघवी घट्ट होते, मूत्राशयाला टोचते आणि उलट वारंवार जावंसं वाटतं. बद्धकोष्ठ वाढतं, आणि कुंथण्याने तेच स्नायू आणखी सैल पडतात. नमाजेचं म्हणाल तर कतरा आला की वुजू जातो. तेवढी जागा आणि कपडा धुवून वुजू करावा आणि नमाज अदा करावी. गळती इतकी सतत असेल की नमाजेच्या पूर्ण वेळेत वुजू करून फर्ज अदा करण्याइतकीही सवड मिळत नाही, तर हनफी मसलकात ती स्त्री माजूर ठरते आणि प्रत्येक नमाजेच्या वेळेसाठी एक वुजू करते. कोकणातल्या शाफई बहिणींनी तपशील आपल्या आलिमांना विचारावेत. विचारायला लाजू नये. दीन समजून घेण्यात कसली लाज?

मला व्यायाम शिकवला तो एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी. माकडहाडापासून पुढच्या हाडापर्यंत झोळीसारखे ताणलेले स्नायू असतात. मूत्राशय आणि गर्भाशय त्यांच्यावर पेललेले. गरोदरपणात संप्रेरकांमुळे ही झोळी सैलावते आणि वरून बाळाचा भार वाढत जातो. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली या स्नायूंच्या व्यायामाबद्दल लिहिलं, म्हणून त्याला केगल व्यायाम म्हणतात.

लघवी करून यावं, खुर्चीवर किंवा कुशीवर सैल पडावं. श्वास घेताना पोट फुगू द्यावं. श्वास सोडताना, वारा आणि लघवी दोन्ही अडवतोय अशा रीतीने आतले स्नायू वर ओढावेत. मांड्या, नितंब, पोट आवळायचं नाही. पाच आकडे धरावं, तितकाच वेळ पूर्ण सैल सोडावं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. बाई म्हणाल्या, "मोठ्याने मोजा, म्हणजे श्वास कोंडणार नाही." मी उर्दूची शिक्षिका, मी अलिफ, बे, पे, ते, टे असं मोजायची. सवय झाल्यावर खेपर्यंत, म्हणजे दहापर्यंत गेले. शेवटी दहा झटपट आकुंचनं. लघवी करताना मध्येच धार अडवून सराव करू नये. मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

खरा उपयोग झाला तो श्वासाचा. आपण वजन उचलताना, उठताना दम कोंडतो आणि सगळा दाब खाली जातो. शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळायचं. बादली उचलताना श्वास सोडत आवळायचं. सजद्यातून उठताना आपण तकबीर म्हणतो, तेव्हा श्वास बाहेरच जात असतो. तकबीर घाईने न संपवता उठता उठता म्हटली की दम कोंडत नाही, हे मला तेव्हा प्रथमच लक्षात आलं. शेवटच्या महिन्यांत सजदा जमेना, तेव्हा खुर्चीवर नमाज पढले.

फरक दिसायला दोन महिने लागले. पूर्ण थांबलं नाही, पण दिवसाचे चार कपडे एकावर आले. बाळंतपणानंतर, सुईणीने किंवा डॉक्टरांनी होकार दिल्यावर, पुन्हा सुरू करून तीन महिने नेटाने केलं.

लघवीला जळजळ, ताप किंवा रक्त दिसलं तर व्यायामावर विसंबू नका, तपासणी करून घ्या. आणि पातळ पाणी सतत झिरपतंय, वास लघवीचा नाही, असं वाटलं तर ते गर्भजल असू शकतं. त्या वेळी कोरडं पॅड लावा आणि थेट दवाखाना गाठा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.