उंबरठ्यावरची तारीख

ग्रंथप्रकाशनासाठी मुहूर्त पाहण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. पंचांगाची जागा इतिहासाच्या सनावळीने घेतली, एवढाच फरक. शताब्दी, सार्धशताब्दी, द्विशताब्दी अशी वर्षे जवळ येऊ लागली की हस्तलिखिते बासनांतून बाहेर निघतात, संपलेल्या आवृत्त्या नव्या वेष्टनात दाखल होतात आणि वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत एरवी दुर्मीळ असलेली जागा सहज उपलब्ध होते. यात गैर काय, असे एखाद्या प्रकाशकाने विचारले तर त्याला निरुत्तर करणे सोपे नाही. ग्रंथ वाचकापर्यंत पोहोचलाच पाहिजे. प्रश्न निराळा आहे. निमित्ताच्या वाटेने आलेला वाचक ग्रंथ वाचतो, की निमित्तच वाचून परततो?

मुखपृष्ठ, शीर्षक, प्रस्तावना, मुलाखती, जाहिराती अशा संहितेच्या परिसरातील घटकांना फ्रेंच समीक्षक जेरार जनेत यांनी १९८७ साली ‘उंबरठे’ म्हटले. स्मृतिवर्ष हाही असाच एक उंबरठा होय. मात्र प्रस्तावना एका ग्रंथाची असते, स्मृतिवर्ष साऱ्या समाजाचे असते. आणि ते बहुधा निकाल ठरवूनच येते. काय गौरवायचे, कशाबद्दल हळहळायचे, हे आधीच निश्चित झालेले असते. जाहिरात या तयार निकालाचा आधार घेते आणि ग्रंथाला त्याचा पुरावा म्हणून उभे करते.

याचा अर्थ निमित्तातून जन्मलेले लेखन हीन असते, असा मुळीच नाही. १८५७च्या उठावाला पन्नास वर्षे होत असताना विनायक दामोदर सावरकर लंडनमध्ये त्या विषयावरील आपल्या ग्रंथाच्या कामात गुंतले होते. १९०९ साली त्याचे इंग्रजी भाषांतर बाहेर पडले, पण सरकारने त्यावर प्रकाशनापूर्वीच बंदी घातली होती. तेथे निमित्त ही लेखनाची प्रेरणा होती. उघड जाहिरातीचा तर मार्गच बंद होता. पुढे १९५७ साली शताब्दीच्या वेळी सरकारनेच इतिहासलेखनाला पाठबळ दिले. सुरेंद्रनाथ सेन यांचा ग्रंथ सरकारच्या सांगण्यावरून लिहिला गेला आणि त्याला मौलाना आझादांची प्रस्तावना लाभली. तरीही सेनांनी उठावाचे चित्र एकरंगी केले नाही. त्याच वर्षी रमेशचंद्र मजुमदार यांनी त्याला राष्ट्रीय स्वातंत्र्ययुद्ध म्हणण्यासच स्वतंत्र ग्रंथातून नकार दिला. उत्सवाच्या वर्षातही उत्सवाशी वाद घालता येतो, हे या दोन ग्रंथांनी दाखवले.

मराठी वाचकाला अधिक जवळचे आणि अधिक अडचणीचे उदाहरण मात्र विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’चे आहे. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक कर्जाने गांजलेला होता. यज्ञप्रसंगी दक्षिणा मिळेल या आशेने तो उत्तरेकडे निघाला आणि बंडाच्या धुमाळीत सापडला. झाशीचा वेढा त्याने आतून पाहिला. त्याने ही हकीकत लिहिली ती पुष्कळ वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून. सरकारच्या धाकामुळे वैद्यांनी हे लेखन लेखकाच्या हयातीत छापले नाही. ते प्रसिद्ध झाले १९०७ साली, म्हणजे उठावाच्या पन्नासाव्या वर्षी, आणि तेही वैद्यांनी केलेल्या फेरफारांसह. मूळ हस्तलिखिताबरहुकूम संहिता दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनाने उपलब्ध झाली ती १९६६ साली. शताब्दी केव्हाच होऊन गेली होती. पन्नासाव्या वर्षाच्या वाट्याला फेरफार केलेली संहिता आली. अस्सल संहिता आली ती कोणत्याही उत्सवाच्या पंक्तीत न बसणाऱ्या वर्षी.

या ग्रंथाच्या शीर्षकांचा प्रवासही लक्षात घेण्यासारखा आहे. मूळ शीर्षकात दोनच शब्द आहेत, ‘माझा’ आणि ‘प्रवास’. त्याला ‘१८५७च्या बंडाची हकीकत’ हे उपशीर्षक चिकटले. अमृतलाल नागरांच्या हिंदी अनुवादात ग्रंथाचे नाव ‘आँखों देखा ग़दर’ झाले. प्रवासी मागे सरून साक्षीदार पुढे आला. २००७ची सार्धशताब्दी उलटल्यावर काही वर्षांतच इंग्रजीत तीन अनुवाद आले. मृणाल पांडे यांच्या २०११च्या अनुवादाचे शीर्षक ‘१८५७’ या आकड्यानेच सुरू होते आणि उठावाची खरी कहाणी सांगण्याचे आश्वासन देते. सुखमणी रॉय यांच्या २०१२च्या अनुवादाच्या शीर्षकात १८५७ सालच्या हालअपेष्टा आहेत. २०१४ साली प्रिया आडारकर आणि शांता गोखले यांनी मात्र शीर्षकात ब्राह्मण भिक्षुकाला आणि त्याच्या प्रवासाला पुन्हा अग्रस्थान दिले. सनाला ते उपशीर्षकात जागा देतात.

हा केवळ नावांचा खेळ नव्हे. ‘प्रवास’ म्हणून वाचताना या संहितेत दक्षिणेचा हिशेब, भूक, भय, तीर्थे, सोवळे-ओवळे आणि घरी परतण्याची ओढ एकमेकांत गुंतलेली दिसतात. ‘१८५७’ म्हणून वाचू लागताच यांतील बहुतेक मजकूर पाल्हाळ ठरतो आणि झाशीची पाने तेवढी उरतात. स्मृतिवर्षाला वीर हवे असतात, फितूर हवे असतात, निदान विश्वसनीय साक्षीदार तरी हवा असतो. राणीविषयी मनापासून आदर बाळगणारा, पण मुख्यतः जीव आणि गाठीचे पैसे सांभाळणारा भिक्षुक त्याला कोठे बसवावा हे कळत नाही. साहित्यकृती म्हणून या ग्रंथाचे बळ नेमके त्या न बसण्यात आहे. त्याला केवळ साक्षीदार करणारी जाहिरात त्याला वाचक मिळवून देते, आणि त्या वाचकाला अर्धा ग्रंथ गाळायला शिकवूनच आत सोडते.

२०५७ साली उठावाची द्विशताब्दी येईल. तेव्हा गोडसे भटजींना पुन्हा साक्षीला बोलावले जाईल, आणि त्यात वावगे काही नाही. मात्र वैद्यांची आणि पोतदारांची संहिता ओळीओळीने ताडून पाहणे, भटजींच्या शब्दकळेचा कोश रचणे, त्यांच्या निवेदनातील विराम आणि मौने वाचणे ही कामे उत्सवाच्या वर्षात होत नसतात. त्यांना १९६६सारखी वर्षे लागतात, आणि तशी वर्षे अजून पुष्कळ शिल्लक आहेत.