सत्तरला विचारा, एकाहत्तरकडून ऐका!

अहो, हातातलं काम ठेवा बाजूला आणि इकडे या! इंटेल किंवा एएमडीचा लिनक्स पीसी आहे ना जवळ? मग झालं! मी हार्डवेअरमधला जाणकार नाही, कर्नेलच्या आतलं मला विचारू नका, पण माझा एवढासा सी प्रोग्राम थेट मदरबोर्डवरच्या घड्याळाशी बोलला! थेट! मध्ये ड्रायव्हरसुद्धा नाही!

या मशीनमध्ये मेमरीपासून वेगळे असे पोर्टांचे ६५,५३६ पत्ते असतात. कीबोर्ड ६०वर, घड्याळ ७० आणि ७१वर (आकडे हेक्समधले). साध्या प्रोग्रामला तिथे मज्जाव! न विचारता घुसलात तर प्रोसेसर अडवतो आणि ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ म्हणत प्रोग्राम जागीच संपतो. पण रूट होऊन ‘आयओपर्म’ला सांगा, ७०पासून दोन पोर्ट हवेत, की कर्नेल तेवढीच दोन दारं उघडतो! दोनच! बाकी सगळी बंद! किती नेमकं!

आणि मग ‘आउटबी’ने ७०वर शून्य लिहायचं, म्हणजे सेकंद मागायचे, आणि मग ‘इनबी’ने ७१ वाचायचा, आणि मग आकडा येतो, आणि मग परत वाचावं तर तो पुढे सरकलेला, आणि मग ९ नंतर एकदम १६! २५ नंतर ३२! आणि ८९ नंतर शून्य! मिनिटात ८९ सेकंद? छे हो, हा तर बीसीडी! बाइटच्या एका अर्ध्यात दशक, दुसऱ्या अर्ध्यात एकक. तोच आकडा हेक्समध्ये छापा: ०८, ०९, १०! मधले ए ते एफ कुठेच नाहीत! ५८, ५९, ००! बघतच राहावंसं वाटतं!

आणि हे सगळं १९८४च्या आयबीएम पीसी-एटीपासूनचं! तेव्हा मोटोरोलाची एमसी१४६८१८ ही वेगळी चिप असायची. आता ते काम चिपसेटच्या पोटात गेलंय, पत्ते मात्र तेच!

आणि मग मी मिनिटांसोबत ४ नंबरच्या रजिस्टरला तासही विचारले, तर साडेपाच तास मागे! घड्याळ ठणठणीत आहे हो! लिनक्स ते बहुधा यूटीसीवर ठेवतं आणि आपली भारतीय वेळ दाखवताना साडेपाच तास मिळवतं. आणि रजिस्टर १० (हा आकडा साधा, हेक्समध्ये ए) मधला सगळ्यात वरचा बिट तर कमालच! घड्याळ आकडे बदलत असेल तेव्हा तो १ होतो. तेवढा वेळ थांबायचं, मग वाचायचं. केवढा विचार केलाय!

तुम्हीही करून बघा, पण जुन्या, कामाच्या नसलेल्या पीसीवर. सिक्युअर बूट चालू असेल तर कर्नेल नाही म्हणू शकतो. आणि ७१वर काही म्हणजे काही लिहू नका, त्याच चिपमध्ये मशीनच्या सेटिंग्जही असतात. नुसतं वाचा! चला, टाका रूटचा पासवर्ड!