स्वस्त कोणाला?

मराठी प्रवासवर्णनांत एक वाक्य हमखास भेटते: अमुक गावी खाणे फार स्वस्त आहे. इजिप्तला जाऊन आलेला आपला प्रवासी कोशरीबद्दल असेच सांगतो. भात, मसूर, मॅकरोनी, छोले, त्यावर टोमॅटोचा आंबट रस्सा, लसूण घातलेला व्हिनेगर आणि कुरकुरीत तळलेला कांदा. पोट तुडुंब भरते, खिशाला मात्र कळतही नाही. समुद्रकाठच्या पर्यटननगरीत हॉटेल सोडून मागच्या गल्लीत, मजुरांच्या रांगेत उभे राहून हे खाल्ल्याचा थोडा अभिमानही त्या सांगण्यात असतो. १९७८च्या ‘बलुतं’पासून दलित आत्मकथनांनी आम्हाला अन्नाकडे भुकेच्या बाजूने पाहायला शिकवले, प्रवासवर्णन मात्र अजून चवीच्या आणि किमतीच्याच बाजूने पाहते. ‘स्वस्त’ हे विशेषण कोणाच्या खिशाला धरून लावायचे, हा प्रश्न आम्हाला पडला तो नाईलकाठी नव्हे, बेलापूरच्या दिवाळे गावात.

दिवाळे हे खाडीकाठचे आगरी-कोळ्यांचे गाव. (नावावर कोटी करण्याचा मोह आम्ही आवरतो.) १९७० साली सिडको स्थापन झाली, ९५ गावांच्या जमिनींवर नवे शहर आखले गेले आणि दिवाळ्याच्या पाठीशी सीबीडीच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४मध्ये जासई परिसरात झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण गेले. गावाचा मासळीबाजार मात्र टिकला. सुट्टीच्या दिवशी शहरातली माणसे पिशव्या घेऊन तिथे येतात, आम्हीही त्यांतलेच.

अशाच एका दुपारी, ओल्या सुतळीने नांग्या बांधलेल्या चिंबोऱ्यांच्या टोपलीमागे बसून एक मावशी वडापाव खात होत्या. आम्ही सहज विचारले, “मावशी, घरची चिंबोरी सोडून हे काय?” त्या घास गिळून म्हणाल्या, “चिंबोरी मीच खाल्ली तं इकू काय?” आणि शेजारणीकडे पाहून हसल्या. त्यात तक्रार नव्हती. हिशेब होता.

वडापाव साधारण १९६६च्या सुमारास दादरला जन्मला असे सांगतात. त्यातला बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पाव पोर्तुगीजांचा. खाडीचे त्यात काहीच नाही. कोशरीचीही जातकुळी अशीच. तिच्या नावात आपली खिचडी आहे, ही व्युत्पत्ती बहुतेकांना मान्य आहे. तांदूळ आणि मूग एकत्र शिजवून तुपाशी खाण्याची हिंदुस्थानी रीत इब्न बतूताने चौदाव्या शतकातच नोंदवली होती. ब्रिटिश फौजेतल्या हिंदी शिपायांबरोबर ती इजिप्तला पोहोचली असे मानतात, मॅकरोनी इटालियनांची. बंदराच्या गावात गरिबाचे खाणे बहुधा असेच घडते: जे कोरडे असते, टिकते, गोणीत भरून दूरवर नेता येते, ते त्याच्या ताटात येते, आणि दाराशी जिवंत असलेले ज्याला परवडते त्याच्याकडे जाते.

शिवाय स्वस्ताई आपोआप टिकत नाही. इजिप्शियन अरबीत भाकरीला ‘ऐश’ म्हणतात, आणि त्या शब्दाचा दुसरा अर्थ जगणे. जानेवारी १९७७मध्ये सरकारने अनुदान कापताच तिथे दंगली उसळल्या आणि निर्णय मागे घ्यावा लागला. २०११च्या उठावातल्या घोषणेत स्वातंत्र्याच्याही आधी ‘ऐश’ होते. जून २०२४मध्ये अनुदानित भाकरी ५ पियास्त्रांवरून २० पियास्त्रांवर गेली. पर्यटकाला हा फरक जाणवणारही नाही.

दिवाळ्याच्या बाजूला अनुदान खाडीचेच होते. निवट्या चिखलातून हाताने धरायच्या, कालवे खडकावरून फोडून आणायची, जवळा उन्हात वाळवून पावसाळ्याची बेगमी करायची. या अन्नाला किंमत नव्हती, कष्ट होते. मग ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने आले, सांडपाणी आले, भराव पडले, खारफुटी गेली. पलीकडच्या काठावर नव्या विमानतळाचे ऑक्टोबर २०२५मध्ये उद्घाटन झाले. जिताडा जाळ्यात आलाच तर तो किलोवर विकायचा असतो. घरच्या कालवणासाठी तो राखून ठेवणे ही आता चैन आहे.

डिसेंबर २०२५मध्ये युनेस्कोच्या दिल्लीतल्या बैठकीत कोशरीला अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली; त्याच बैठकीत दीपावलीलाही. आम्हाला आनंद झाला, थोडी धास्तीही वाटली, कारण गरिबाच्या खाण्याला वारशाचे नाव लागले की दरपत्रक बदलायला वेळ लागत नाही. इकडे यादीची वाट कोणी पाहिलेली नाही. ‘आगरी-कोळी थाळी’च्या पाट्या जागोजाग लागल्या आहेत. थाळीच्या कडेला जवळ्याची चटणी चमचाभर येते. आणखी मागितली, तर तिचे पैसे वेगळे पडतात.