एक उपाहारगृह, दोन साक्षी

प्रवासवर्णन म्हटलें म्हणजे तें काशी-रामेश्वराचें, निदान महाबळेश्वराचें तरी असावें, अशी वाचकांची अपेक्षा असते. मी ज्या प्रवासाची हकीकत सांगणार आहें, तो पुण्याहून मुंबईच्या कुलाब्यापर्यंतचा. आणि ज्या स्थळाचें वर्णन करणार आहें, तें एक गजबजलेलें उपाहारगृह. तेंहि असें कीं, जेथें अन्नाबरोबर मद्यहि मिळतें. साठी उलटलेल्या एका निवृत्त शिक्षकानें अशा ठिकाणीं पाऊल कां टाकावें, हें प्रथम सांगितलें पाहिजे.

आमचें कुटुंब एकत्र आहे. दोन चिरंजीव, दोन सुना, चार नातवंडें आणि आम्ही उभयतां. थोरला पुण्यांतच नोकरीस असतो. धाकटा गेलीं ६ वर्षें मुंबईस एका खोलींत एकटा राहतो व शनिवार-रविवार घरीं येतो. गेल्या पावसाळ्यांत थोरला आपल्या विवाहाच्या वाढदिवशीं पत्नी व मुलांस घेऊन मुंबईस गेला, आणि धाकट्याच्या शिफारशीवरून शनिवारीं रात्रीं त्या उपाहारगृहांत जेवावयास बसला. परत आला तो संतापूनच. पाऊण तास कोणी पाणीहि विचारलें नाहीं, मुलांसाठीं भाज्या घातलेला भात मागितला तो अंडें घातलेला आला, आणि शेवटीं बिलांत शेंकडा १० सेवाशुल्क लावलें, अशी त्याची फिर्याद होती.

धाकटा चकित होऊन म्हणाला, "दादा, अरे, मी तिथं आठवड्यांतून एकदां तरी जातों. इतकीं तत्पर आणि गोड माणसं मला मुंबईंत दुसरीकडे भेटलीं नाहींत."

त्यावर थोरल्याच्या तोंडून निघून गेलें, "तुझं लक्ष ताटाकडे असतं कुठं? तें पेल्याकडे असतं!"

माजघरांत एकदम शांतता पसरली. धाकटा बीअर घेतो ही गोष्ट त्या क्षणापर्यंत त्याच्या आईला ठाऊक नव्हती, मलाहि नव्हती. धाकट्या सूनबाईंना ती ठाऊक असावी, असें त्यांच्या खालीं गेलेल्या मानेवरून मला वाटलें. त्या दिवसापासून दोघे भाऊ एकमेकांशीं कामापुरतें बोलूं लागले. शनिवारचें एकत्र जेवण होई, पण वाढणाऱ्यांच्या बांगड्यांखेरीज पंक्तींत आवाज नसे.

आयुष्यभर मुलांचीं भांडणें मीं दोन्ही बाजू ऐकून मिटविलीं. येथें दोन्ही साक्षीदार माझेच, दोघेहि खरें बोलणारे, आणि साक्षी मात्र परस्परविरुद्ध. अशा वेळीं न्यायाधीशानें स्थळाची पाहणी करावी हें उत्तम. नवरात्र संपल्यावर एका शनिवारीं सकाळीं मी डेक्कन क्वीननें निघालों. धाकट्याला त्या आठवड्यांत मुंबईसच थांबावयास सांगितलें होतें.

ही गाडी १ जून १९३० रोजीं सुरू झाली. तिला स्वतंत्र भोजनयान आहे. घाटाच्या वळणांवर डबा डुलत असतां एक सेवक चहाचे भरलेले पेले तबकांत घेऊन थेंबहि न सांडतां चालला होता. मीं त्याचें कौतुक केलें. परंतु त्याच्या तोंडाकडे पाहिलें नाहीं. ही गोष्ट पुढें मला आठवावयाची होती.

कुलाबा हें पूर्वीं वेगळें बेट होतें. १८३८ सालीं बांध घालून तें मुंबईच्या बेटाला जोडलें गेलें, आणि त्या बांधावरचा रस्ता तोच आजचा कुलाबा कॉजवे. शहीद भगतसिंग मार्ग हें त्याचें सरकारी नांव क्वचितच कोणाच्या तोंडीं येतें. रीगल चित्रपटगृहापासून या रस्त्याला लागलें कीं पदपथावर माळा, चपला, पितळी होकायंत्रें व रंगीत कापडें यांचीं दुकानें मांडलेलीं दिसतात, आणि त्यांच्यामागें खाण्यापिण्याचीं जुनीं गृहें. इराणी मंडळींनीं १८७१ सालीं स्थापन केलेलें लिओपोल्ड येथेंच आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं अतिरेक्यांनीं तेथें गोळीबार केला. थोड्याच दिवसांत तें पुन्हां उघडलें, आणि गोळ्यांच्या खुणा आजहि तेथें पाहावयास मिळतात. जवळच १९३२ सालचें माँडेगार आहे. त्याच्या भिंतींवर गोव्याचे प्रसिद्ध व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांचीं चित्रें आहेत. आमच्या घरच्या कलहाचें स्थान या दोहोंपैकीं नव्हे. तें त्याच भागांतलें तिसरेंच आहे, आणि त्याचें नांव मी देणार नाहीं.

शनिवारीं रात्रीं ८ वाजतां आम्ही पितापुत्र आंत शिरलों. समुद्राच्या गाजेसारखा एकच नाद कानांवर आदळला. खालीं फरशी, टेबलांना संगमरवर, भिंतींना आरसे. आवाज शोषून घेणारी वस्तु औषधालाहि नाहीं. एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्यानें १९११ सालीं असें दाखविलें कीं, भोंवतीं गोंगाट असला म्हणजे मनुष्य नकळत आपला आवाज चढवितो. एका टेबलानें आवाज चढविला कीं दुसरें चढवितें, आणि अखेर सर्वच ओरडूं लागतात. त्या नादांत परदेशी प्रवासी होते, महाविद्यालयीन मुलें होतीं, एक वाढदिवस साजरा होत होता, आणि एका कोंपऱ्यांत एक वृद्ध पारशी गृहस्थ शांतपणें वर्तमानपत्र वाचीत बसले होते.

आम्हांला आंतल्या बाजूस, स्वयंपाकघराच्या दाराशीं जागा मिळाली. मीं धाकट्याला म्हटलें, "तूं नेहमीं घेतोस तेंच घे. पाहणी खरी व्हायला हवी." त्यानें मान खालीं घालून लिंबाचा सोडा मागितला. मीं भाज्यांचें सँडविच व चहा सांगितला.

शेजारच्या टेबलाशीं आमच्यामागून आलेल्या चार तरुणांपुढें पांच मिनिटांत बीअरचा मोठा चंबू येऊन उभा राहिला. आमचें टेबल रिकामें. अर्धा तास गेला. सेवक आमच्यावरून दहादां गेले, पण एकाचीहि दृष्टि आमच्याकडे वळेना. थोरल्याचा संताप आतां मला शब्दशः समजूं लागला. आणि मग जें होऊं नये तें झालें. मीं चमच्यानें टेबलावर ठोकलें, आणि ज्या आवाजानें ३५ वर्षें वर्ग गप्प बसविले त्या आवाजांत ओरडलों, "ए! इकडे ये!"

पंचेचाळिशीच्या आसपासचा, कानशिलें पिकलेला एक सेवक वळला. "आलों, काका," एवढेंच तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कांहींच नव्हतें. धाकटा टेबलाच्या दगडावरच्या रेघा पाहत बसला होता. सँडविच आलें तेव्हां तें चांगलें होतें किंवा कसें, हें मला आज सांगतां येणार नाहीं.

सोमवारीं दुपारीं साडेतीन वाजतां धाकट्यानें कचेरींतून तासाभराची सवड काढली व आम्ही पुन्हां तेथें गेलों. तेंच दार, तींच टेबलें; पण स्थळ निराळेंच वाटलें. रस्त्यावरचें ऊन उंबऱ्यापर्यंत आलें होतें, पंखे संथ फिरत होते, चार-पांच टेबलांवर मंडळी हलक्या आवाजांत बोलत होती. तोच सेवक पुढें आला. धाकट्याला नांवानें हांक मारून त्यानें बसवलें, आणि माझ्यापुढें न मागतां पाण्याचा पेला ठेवला. चहा पांच मिनिटांत आला. मनुष्य कुडाळकडचा निघाला. मीं शनिवारच्या वर्तनाबद्दल त्याची क्षमा मागितली.

"तुम्ही मास्तर ना, काका?" तो हंसून म्हणाला. "आवाजावरून वळखलं. वाईट नाहीं वाटलं. चुटकी वाजवतात, शीळ घालतात, त्यापेक्षां 'ए' बरं."

मीं विलंबाचें कारण विचारलें. तो म्हणाला, "आतां माझ्याकडे चार टेबलं आहेत, शनिवारीं दहा असतात. बीअर नुसती ओतायची असते, काका; भात परतायचा असतो, आणि शेगड्या तेवढ्याच. पिणाऱ्याला वाटतं आम्ही धावतों. जेवणाऱ्याला वाटतं आम्ही झोंपलों."

अंड्याच्या भाताची गोष्टहि मीं काढली. तो गंभीर झाला. "त्या गोंगाटांत 'व्हेज' आणि 'एग' सारखंच ऐकूं येतं. कार्डावर बोट ठेवून मागितलं तर चूक होत नाहीं. पण आम्ही परत विचारायला हवं होतं. कुणाच्या घरचं व्रत असतं. ती चूक आमचीच."

आमच्या शास्त्रकारांनीं अंधगजन्याय सांगितला आहे. ज्याच्या हातीं सोंड आली त्यानें सोंडेला हत्ती म्हटलें, ज्याच्या हातीं पाय आला त्यानें पायाला. मी हा न्याय वर्गांत कितीकदां तरी शिकविला. त्याचा अर्थ त्या चहाच्या पेल्यापाशीं लागला. माझ्या वर्गांत ६० मुलें असत. पहिल्या बांकावरच्या मुलाला विचाराल तर मास्तर प्रेमळ, शंकेला लगेच उत्तर देणारे. शेवटच्या बांकावरच्याला विचाराल तर वर केलेला हात कधीं न पाहणारे. वर्ग एकच, मास्तर एकच, आणि दोघेहि विद्यार्थी खरें बोलणारे. मागच्या बांकावरून कोणी चमच्यानें ठोकलें असतें, तर त्याला मीं काय शिक्षा केली असती, तें वाचकांस सांगावयास नको.

नंतर आम्ही दोघे समुद्राकडे निघालों व १९२४ सालीं पूर्ण झालेल्या त्या प्रचंड कमानीजवळ कठड्याशीं उभे राहिलों. मीं विचारलें, "तुला तें ठिकाण इतकं कां आवडतं?"

बराच वेळ तो बोटींकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "बाबा, कचेरी सुटल्यावर खोलीवर जावंसं वाटत नाहीं. तिथं गेलं कीं कुणी तरी नांवानं हांक मारतं. एक पेला घेतों, दुसरा कधीं घेतला नाहीं. पण पेल्याशिवाय तास-तासभर टेबल अडवून बसायला लाज वाटते."

मीं मनांत योजून ठेवलेला उपदेश घशांतच राहिला. थोरला ज्या रात्रीं तेथें गेला, ती बारा वर्षांत पत्नीला एकटीला घेऊन निघण्याची त्याची पहिली वेळ. मुलें हट्टानें बरोबर आलीं. पत्नीसमोर कोणी आपल्याला विचारीत नाहीं, हें त्याला झोंबलें होतें. धाकट्याला कोणी तरी विचारतें, एवढ्यावर तो तृप्त होता. भाताचा व भांड्यांचा त्यांत संबंध थोडाच होता!

घरीं आल्यावर मीं दोघांस समोरासमोर बसविलें व माझी पाहणी सांगितली, चमच्याच्या प्रसंगासकट. थोरल्याचें एक म्हणणें मीं पूर्णपणें मान्य केलें. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें जुलै २०२२ मध्यें काढलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणें उपाहारगृहानें बिलांत सेवाशुल्क आपोआप घालूं नये. मार्च २०२५ मध्यें दिल्ली उच्च न्यायालयानें त्या सूचना ग्राह्य ठरविल्या. तें शुल्क काढावयास सांगण्याचा ग्राहकाला हक्क आहे, आणि संतुष्ट झालेल्यानें सेवकाच्या हातीं कांहीं द्यावें कीं नाहीं हा त्याचा स्वतःचा प्रश्न. अंड्याच्या भाताचाहि दोष मीं झांकला नाहीं. पण मुलाबाळांसह जावयाचें तर शनिवारची रात्र टाळावी, दाराजवळची जागा मागून घ्यावी, पदार्थ बोटानें दाखवून सांगावा, आणि सेवकाला "अहो" म्हणावें. यांतला शेवटचा नियम मीं स्वतः मोडून शिकलों आहें.

बीअरचा प्रश्न मीं त्या दिवशीं काढला नाहीं. तो उपाहारगृहांत उत्पन्न झालेला नाहीं. त्याचें मूळ त्या एकट्या खोलींत आहे, आणि त्याचें उत्तर आम्हां घरच्यांनाच शोधावें लागेल. त्याच्या आईनें अद्याप त्याला क्षमा केलेली नाहीं. मात्र दर बुधवारीं रात्रीं ती त्याला दूरध्वनि करूं लागली आहे, आणि "जेवलास कां?" हें विचारून झाल्यावरहि लगेच ठेवीत नाहीं.

दिवाळीच्या पाडव्याला पंक्तींत थोरला धाकट्याकडे न पाहतां म्हणाला, "पुढल्या महिन्यांत कामासाठीं एका सोमवारीं मुंबईस यायचं आहे. चारच्या सुमारास मोकळा असशील तर तुझ्या त्या माणसाच्या हातचा चहा घेऊं."

"असेन," धाकटा म्हणाला, आणि त्यानें दादाच्या पानांत आग्रहानें आणखी एक करंजी वाढली.