उघडून बघायची सवय

कोल्हापूरच्या माणसाला बंद डबा बघवत नाही. इंजिन असो, मोटार असो नाहीतर रेडिओ. बिघडला की आधी स्क्रू ढिले करायचे, मग मिस्त्रीला हाक मारायची. ही खोड जुनी आहे. १९१८ च्या सुमारास बाबूराव पेंटर आणि त्यांच्या सोबत्यांनी याच गावात स्वतः खपून सिनेमाचा कॅमेरा घडवला. म्हादबा मेस्त्रींनी ऑइल इंजिन तयार केलं. शिवाजी उद्यमनगरात जावं तर दारादारात लेथ आणि ओतकाम. आमच्या विहिरीवरचं इंजिन मी दहावीत असताना खोलून परत जोडलं होतं. शाळा दहावीला सुटली, पण पाना काही हातातनं सुटला नाही.

अशा आम्हा लोकांपुढं एक यंत्र आलं आणि आम्ही सगळे त्याच्यापुढं हात जोडून उभे राहिलो. ते म्हणजे संगणक.

१९९८ साली वारणानगरच्या आसपासची कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतली ७० गावं संगणकानं जोडायची योजना सरकारनं आणि वारणेच्या सहकारी संस्थांनी हाती घेतली. पन्हाळा तालुक्यातल्या आमच्या पाव्हण्यांच्या गावात मी तो संगणक बघितला. ऊस किती गेला, तोड कधी येणार, बिल किती निघालं, हे गावातच कळायचं. पाव्हणं म्हणालं, "हेलपाटा वाचला बघा." मला ते पटलं. आपल्या उसाची माहिती आपल्या गावात बघायला मिळते, ही लहान गोष्ट नव्हे.

पण सगळीकडं तसं नव्हतं. हळूहळू इतर हापिसांतही संगणक आले आणि त्यांच्याबरोबर एक वाक्य आलं, "संगणकात तसंच आलंय." आधी कारकुनाच्या वहीतल्या ओळीवर बोट ठेवून भांडता यायचं. आता पडद्याचं तोंड कारकुनाकडं आणि पाठ आमच्याकडं. एका हंगामात माझ्या बिलात एक खेप कमी लागली. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या, चौदा टनांच्या वर ऊस. मी दोनदा गट ऑफिसला गेलो, दोन्ही वेळा तेच वाक्य ऐकून माघारी आलो. गल्लीतली माणसं म्हणाली, "यंत्र कुठं चुकतंय व्हय? तुझाच हिशेब चुकला असंल." वर्षभर राबून घातलेला ऊस, आणि त्याचा साक्षीदार म्हणजे एक पेटी, जी मला उघडता येत नव्हती. हे लई डाचलं.

२००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळानं एमएस-सीआयटी हा कोर्स काढला होता. २००३ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, मी त्यात नाव घातलं. वर्गात बारावी झालेल्या पोरी-पोरं आणि दोन-तीन गुरुजी. शिकवणारी मॅडम माझ्या पुतणीच्या वयाची. मी तिला मॅडम म्हणायचो, ती मला काका. खुरपं धरलेल्या हाताला माऊस हलका लागायचा, बाण पडद्याच्या कडेला पळायचा. पंधरा दिवसांत हात बसला.

खरं ज्ञान झालं ते एक्सेलच्या तक्त्यात. मॅडमनी नावं, वजनं आणि दर असे तीन रकाने केले आणि चौथ्यात सूत्र घातलं. दर बदलला की सगळी बिलं आपोआप बदलली. मी विचारलं, "मॅडम, वजनच चुकीचं घातलं तर?" त्या म्हणाल्या, "काका, मग गुणाकार बरोबर येणार आणि उत्तर चुकीचं." एवढं एक वाक्य मला पुरलं.

दुसऱ्या दिवशी काट्याची पावती घेऊन गट ऑफिसला गेलो. या वेळी "माझी खेप कुठं गेली?" असं विचारलंच नाही. म्हणालो, "साहेब, हा पावती नंबर कुठल्या सभासद कोडावर चढवलाय तेवढं बघून सांगा." त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग नंबर दाबला. आमच्या गावात माझ्याच नावाचा आणि आडनावाचा आणखी एक माणूस आहे. खेप त्याच्या कोडावर पडली होती. पुढच्या बिलात दुरुस्ती झाली. यंत्र खोटं बोललं नव्हतं, त्याला सांगितलंच तसं होतं.

तरी पेटीच्या आत काय आहे, हे बघायचं राहिलंच होतं. थोरला पोरगा तेव्हा कोल्हापुरात डिप्लोमाला होता. कंपनीचा तयार संगणक घ्यायचा तर चाळीस हजारांच्या पुढं. तो म्हणाला, "आण्णा, सुटे भाग आणून आपणच जोडूया. निम्म्यात बसंल." राजारामपुरीतली दुकानं फिरून आम्ही एकेक भाग आणला आणि सोप्यात घोंगडं अंथरून मांडला. आई म्हणाली, "ह्येच्यात दाणं कुठनं घालायचं?"

पोरगा एकेक भाग हातात देत सांगत गेला आणि मी आपल्या भाषेत समजून घेत गेलो. पॉवर सप्लाय २३० व्होल्टची वीज घेऊन १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून वाटतो, म्हणजे पाटाचं पाणी वाफ्यावाफ्याला मोजून सोडणारा पाणक्या. रॅम म्हणजे ओसरी, हार्ड डिस्क म्हणजे कणगी. कणगीत भरलेलं टिकतं, ओसरीवरचं वीज गेली की गेलं. प्रोसेसर म्हणजे इंजिन, म्हणूनच त्याच्या डोक्यावर पंखा. त्याच्या एका कोपऱ्यावर खूण असते. ती सॉकेटच्या खुणेवर आली तरच तो अलगद बसतो, दाबून बसवायचा नाही. चपट्या केबलची लाल कड पहिल्या पिनेच्या बाजूला. रॅमला हात लावण्याआधी पत्र्याच्या कॅबिनेटला हात लावायचा, अंगातली वीज उतरवायला.

अर्थिंगचं काम मात्र मी अंगावर घेतलं. परड्यात खड्डा काढून, कोळसा आणि मीठ घालून, विहिरीवरच्या मोटरला करतो तसं केलं. रात्री लाइट आल्यावर बटण दाबलं. पंखा फिरला, एकदा 'टीं' वाजलं आणि पडद्यावर पांढरी अक्षरं आली. पोरगा म्हणाला, "एकदाच वाजलं म्हणजे सगळं ठीक आहे." इंजिनाचा पहिला ठोका ऐकून माझे वडील असंच म्हणायचे.

त्या संगणकावर पोरगा शिकला. आता तो कागलच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. मी त्याच संगणकावर आमच्या पाणीपुरवठा संस्थेचा हिशेब बसवला. कुणाचं किती गुंठे क्षेत्र, पाणीपट्टी किती, भरली किती, बाकी किती. सभासदांना सांगितलं, "यंत्रावर विश्वास ठेवू नका, आकडे तपासा." पहिल्याच वर्षी एका म्हातारीनं आपलं क्षेत्र चार गुंठे जास्त लागल्याचं दाखवलं. जुन्या वहीतच ते तसं चालत आलं होतं. सातबारा बघून आम्ही ते कमी केलं.

आता संस्थेचं काम तरणी पोरं लॅपटॉपवर करतात. तो उघडायला बारीक स्क्रू लागतात, आणि मोबाइल तर चिकटवूनच बंद केलेला. पण मी घालून दिलेला एक रिवाज त्यांनी मोडलेला नाही. दर मार्चला पूर्ण यादी छापून चावडीच्या भिंतीवर लावतात आणि खाली पेन बांधून ठेवतात. ज्याला आकडा पटत नाही, तो त्यावर गोल करून जातो. यंदा सात गोल पडले. त्यांतले दोन बरोबर निघाले.