देवाला बाप म्हणायचं तर

कुष्ठरोग्यांच्या वॉर्डात जिनं २८ वर्षं ड्रेसिंग केलं आहे, त्या बाईला वेदना चांगली की वाईट हे विचारू नये. ती म्हणेल, वेदना असावी. नसली म्हणजे काय होतं ते मी रोज सकाळी आठ ते अकरा पाहत होते. चुलीवरचं उकळतं भांडं फडक्याशिवाय उचलून, हाताला फोड आले तरी गप्पा मारत बसणारा म्हातारा. चपलेतून वर आलेला खिळा दिवसभर पायात वागवणारी बाई. संध्याकाळी उंबऱ्यावर रक्ताचा ठसा उमटलेला दिसला तेव्हा तिला कळलं. कुष्ठरोगानं बोटं झडतात असं लोक समजतात. बोटं झडत नाहीत. रोगाचे जंतू मज्जातंतू बधिर करतात, आणि मग माणूस स्वतःच्याच हातापायांची काळजी घ्यायचं विसरतो.

हे ज्यांनी जगाला पटवून दिलं ते डॉ. पॉल ब्रँड आपल्याच देशात, तमिळनाडूच्या कोल्ली डोंगरात १९१४ साली जन्मले. आईवडील मिशनरी. मुलगा लंडनला शिकत असताना वडील इकडे तापानं गेले. आई मात्र म्हातारपणीही डोंगरात राहिली. ब्रँड १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शल्यचिकित्सक म्हणून आले आणि कुष्ठरोग्यांच्या वाकड्या बोटांवर शस्त्रक्रिया करू लागले. हात बरा व्हायचा, पण काही रोग्यांची बोटं रात्रीतून नाहीशी व्हायची. शोध घेतला तेव्हा कळलं, झोपेत उंदीर कुरतडत होते आणि रोग्याला पत्ताच नव्हता. त्यानंतर घरी जाणाऱ्या रोग्याबरोबर एक मांजर देण्याची पद्धत त्यांनी पाडली. आमच्याकडे नव्या नर्सला ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात सांगत. ती हसायची, आणि मग हसू थांबायचं.

पुढे अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या कारव्हिल इथे त्यांनी बधिर हातांसाठी कृत्रिम वेदना तयार करून पाहिली. हातमोज्यात यंत्र बसवलं. जास्त दाब पडला की आवाज व्हावा, तेवढ्यानं भागेना तेव्हा विजेचा झटका बसावा. रोगी काय करत? एखादं काम करायचंच असलं की यंत्र बंद करून ठेवत. शेवटी तो नाद सोडून द्यावा लागला. देवानं वेदनेचं बटण आपल्या हाती का दिलं नाही, याचं याहून चांगलं उत्तर मला कुठल्या प्रवचनात मिळालेलं नाही. ब्रँड वेदनेला देवाची देणगी म्हणत, आणि माझ्या नोकरीच्या वर्षांत मलाही ते सोळा आणे पटलेलं होतं.

मग २०१० साली यांना कॅन्सर झाल्याचं कळलं.

आमचे हे एस.टी.त ड्रायव्हर होते. रिटायर होऊन पाच वर्षं झाली होती. कंबर दुखते म्हणून दाखवायला गेलो, तोवर प्रोस्टेटचा रोग कण्यात आणि खुब्याच्या हाडात पोचलेला होता. हाडातलं ते दुखणं ज्यांनी जवळून पाहिलं आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. घाटात ब्रेक निकामी झालेली गाडी शांतपणे कडेला लावणारा माणूस, चादरीची सुरकुती बोचली म्हणून ओरडायचा. ही वेदना कशाची सूचना देत होती? कुठला हात चुलीतून मागे घ्यायचा होता? रोग कळला होता, उपाय संपले होते, आणि घंटा वाजतच होती. ब्रँडसाहेबांचं म्हणणं पोळलेल्या बोटापुरतं शंभर टक्के खरं आहे. त्याच्या पुढे ते जात नाही.

माझ्या हिंदू मैत्रिणी अशा वेळी प्रारब्ध म्हणतात, भोग म्हणतात. ते मला पटत नाही, पण त्यात निदान हिशेब जुळतो हे कबूल केलं पाहिजे. आमची ख्रिस्ती लोकांची अडचण वेगळी आहे. आम्ही देवाला बाप म्हणतो. नुसता न्यायाधीश म्हटलं असतं तर प्रश्न नव्हता. नुसती शक्ती म्हटलं असतं तरी नव्हता. लेकरानं भाकर मागितली तर कोणता बाप त्याला दगड देईल, असं आमच्या प्रभूनंच विचारून ठेवलं आहे. म्हणून मुलाच्या हातात दगड दिसला की आम्हाला उत्तर द्यावं लागतं, किंवा देता येत नाही हे सोसावं लागतं.

उत्तरं देणारे मात्र घरी पुष्कळ आले. कोणी म्हणालं, देव तुमची परीक्षा घेतोय. हे पलंगावरून म्हणाले, "घेऊ दे, पण पेपर लवकर तपास म्हणावं." कोणी म्हणालं, देव आपल्या लाडक्यांनाच दुःख देतो. यावर ते काही बोलले नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडले. एका प्रार्थना-मंडळाचे एक भाऊ दोनदा येऊन गेले. काही लपलेलं पाप असेल तर कबूल करा, मग आराम पडेल, असं ते म्हणाले. मी त्यांना चहा दिला आणि त्यांच्याच बायबलमध्ये लूकचा तेरावा अध्याय काढून दाखवला. शिलोहातला बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, ती काय यरुशलेमेतल्या इतरांहून जास्त पापी होती? येशूनं नाही म्हणून सांगितलं आहे. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांधाविषयी शिष्यांनी विचारलं, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? तिथंही त्यानं दोन्ही नाकारलं. स्वतः प्रभूनं दोनदा बंद केलेला दरवाजा लोक पुन्हापुन्हा का ठोठावतात, कोण जाणे.

ईयोबाचं पुस्तक या प्रश्नासाठीच आहे असं म्हणतात. त्यात ४२ अध्याय आहेत. संपत्ती गेली, दहा मुलं गेली, अंगभर गळवं आली आणि तो राखेत बसला. तीन मित्र भेटायला आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द न बोलता. एवढं त्यांनी उत्तम केलं. मग बोलायला लागले. तू काहीतरी केलं असशील, देव अन्याय करत नाही, कबूल हो. ईयोब भांडतो, देवालाच न्यायालयात खेचू म्हणतो. अखेर देव वावटळीतून बोलतो, पण कारण सांगत नाही. समुद्राला कवाडं कोणी लावली, रानबकऱ्या कधी वितात ते तुला ठाऊक आहे का, असं उलट विचारत राहतो. तरुणपणी मला हे टोलवाटोलवीचं वाटे. पण त्यानंतरचं एक वाक्य लोक वाचतच नाहीत. देव त्या मित्रांवर रागावतो आणि सांगतो की माझ्याविषयी तुम्ही नीट बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब नीट बोलला. म्हणजे देवाची बाजू घेणारे चुकले आणि देवाशी भांडणारा बरोबर ठरला! शेवटी ईयोबाला पुन्हा दहा मुलं होतात, ते मात्र मला आजवर पटलेलं नाही. आधीची दहा कुठं परत आली?

दुःखाचं मोठं कारण माणसाला दिलेलं स्वातंत्र्य, असं आमचे पाळकसाहेब सांगत. त्यात तथ्य आहे. आमच्या वॉर्डातल्या रोग्यांचं जंतूंनी जेवढं नुकसान केलं, त्याहून अधिक माणसांनी केलं. १९८२ पासून बहुविध औषधांनी हा रोग बरा होतो. पण बऱ्या झालेल्या बाईला घरात घ्यायला नवरा यायचा नाही. कुष्ठरोग्यांना डांबून ठेवणारा १८९८ चा कायदा २०१६ साली रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण २०१९ पर्यंत कायद्याच्या पुस्तकात होतं, आम्हा ख्रिस्ती लोकांच्या कायद्यातसुद्धा. यातलं काहीच देवाच्या माथी मारता येत नाही. पण हाडात पसरलेल्या पेशीला कुठलं स्वातंत्र्य? २६ डिसेंबर २००४ ला, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी वेलांकण्णीला समुद्र आत आला. चर्चमध्ये मिस्साला बसलेले यात्रेकरू वाचले, बाहेर किनाऱ्यावर असलेले शेकडो बुडाले. पुष्कळांनी तो चमत्कार म्हटला. किनाऱ्यावरचे लोकही त्याच आईच्या दर्शनाला आले होते, हे म्हणताना जीभ जरा अडखळायला हवी होती.

यांच्या वेदनेतला एक भाग मात्र सरळसरळ माणसांचा होता, आणि नर्स असल्यामुळे तो मला दिसत होता. अशा दुखण्यावर मॉर्फिन चालतं. गोळ्या स्वस्त असतात. मॉर्फिन निघतं अफूपासून, आणि सरकारी परवान्यानं अफू पिकते आपल्याच देशात, मंदसौर-नीमच भागात. पण १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं व्यसनी लोकांना आवरण्यासाठी असे काही परवाने लावले की बहुतेक इस्पितळांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. तो कायदा २०१४ मध्ये सैल झाला. आमचं २०१० होतं. गावच्या इस्पितळात डॉक्टर हळहळले आणि साध्या गोळ्या लिहून दिल्या. रात्री तीन वाजता हे कण्हत असताना मी प्रार्थना करत होते, आणि मला स्पष्ट कळत होतं की जे मी देवाकडे मागते आहे ते कुठल्या तरी कचेरीतल्या कपाटात अडकलं आहे.

माझे धाकटे दीर मुंबईला असतात. त्यांनी खटपट करून यांना तिकडच्या एका मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथं वेदनेसाठी वेगळा विभाग होता, आणि गोळ्या मिळाल्या. निघायच्या आदल्या दिवशी ते प्रार्थना-मंडळाचे भाऊ तिसऱ्यांदा आले होते. वधस्तंभावर प्रभूला गुंगी आणणारा बोळ मिसळलेला द्राक्षारस दिला, तो त्यानं घेतला नाही, तेव्हा तुम्हीही शुद्धीवर राहून सोसावं, असं त्यांचं म्हणणं. ते वचन खरं आहे, मार्कानं लिहिलंय. पण मी त्यांना विचारलं, त्याच प्रभूनं चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगितली, त्यात वाटेवर पडलेल्या माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस कोणी ओतला? आणि का ओतला? भाऊंनी चहा संपवला.

दर चार तासांनी एक गोळी. दुखायला लागायच्या आधी, घड्याळ लावून. ही रीत रुजवणाऱ्या डॉ. सिसिली साँडर्स मुळात माझ्यासारख्या नर्स. पाठीच्या दुखण्यामुळे नर्सिंग सोडावं लागलं, तर पुढे शिकून त्या डॉक्टर झाल्या आणि १९६७ साली लंडनला मरणपंथाच्या माणसांसाठी सेंट क्रिस्टोफर हॉस्पिस काढलं. पक्क्या श्रद्धावान ख्रिस्ती. आपल्याकडचं पहिलं असं घर, वांद्र्याचं शांती आवेदना, १९८६ साली सुरू झालं. रोग्याकडून पैसे घेत नाहीत.

दुसऱ्या रात्री हे सहा तास झोपले. सकाळी उठून चहा मागितला, साखर कमी आहे म्हणून कुरकुर केली, आणि दिरांशी क्रिकेटवरून वाद घातला. मी मोरीत जाऊन रडले. आणखी एक गोष्ट झाली. आजार वाढल्यापासून त्यांनी प्रार्थना सोडली होती. दुःख माणसाला देवाजवळ नेतं असं सगळे म्हणत. यांना तर त्या दुखण्यानं देवाचं नावही घेऊ दिलं नव्हतं. एवढा कल्लोळ चालला असताना बोलणार कोण आणि ऐकणार कोण! दुखणं उतरलं त्या आठवड्यात एके संध्याकाळी त्यांनी स्वतःहून बायबल वाचायला सांगितलं. कुठलं वाचू विचारलं, तर म्हणाले, बाविसावं स्तोत्र. येशूनं वधस्तंभावरून जो आक्रोश केला, देवानं मला का सोडलं हा, त्याची सुरुवात त्या स्तोत्राची आहे. मी वाचलं. ते म्हणाले, "त्यानं पण का म्हणून विचारलंच ना? आणि उत्तर मिळालं नाही."

"नाही मिळालं," मी म्हटलं.

"मग बरोबर आहे," म्हणाले, आणि ती रात्र निवांत गेली.

मी पुष्कळ वेळा त्या संभाषणाकडे परत जाते. गेथशेमाने बागेत येशूनं प्याला टळावा म्हणून विनवणी केली, ती मान्य झाली नाही. लाजराला आता उठवायचंच आहे हे ठाऊक असताना त्याच्या कबरेपाशी तो रडला. दुःख का आहे हे बापानं सांगितलेलं नाही. स्वतःचा मुलगा मात्र त्यात पाठवला, असं आमचा धर्म म्हणतो. हे उत्तर नव्हे, मला कळतं. आमच्या थोरल्या मुलाला ते अजिबात पुरत नाही. तो वडील गेल्यापासून चर्चला येत नाही, आणि मी त्याला आग्रह करत नाही. मला ते पुरतं. रोज पुरतं असंही नाही.

हे त्यानंतर सात आठवडे होते. शेवटचे दोन दिवस बोलणं बंद झालं होतं, पण कपाळावर आठी नव्हती.

आता मी गुरुवारी दोघा तरुण नर्सांबरोबर गावातल्या अशाच घरांत जाते. त्या जखमा धुतात, मी जवळ बसते आणि गोळ्यांचा तक्ता पाहते. परवा एका बाईनं माझा हात धरून विचारलं, "सिस्टर, देव असं का करतो हो?" मला माहीत नाही असं मी तिला सांगितलं. मग तिच्या सुनेला बोलावून रात्रीच्या गोळीची वेळ पुन्हा एकदा समजावली, आणि पोट साफ राहायचं औषध सोबत द्यायला विसरू नको म्हणून सांगितलं; मॉर्फिन चालू असताना ते लागतंच.