शेवटची चार अक्षरं

गेले काही दिवस एक गोष्ट मनात घोळतेय. आहे ऑफिसातली, पण नातेवाईक मंडळींनी लगेच पळून जाऊ नये. शेवटी गाडी आईच्या गोळ्यांपाशी येणार आहे.

माझं काम इंटिग्रेशनचं. मावशीला मी ते असं सांगते: हॉस्पिटलात नोंदणीचं सॉफ्टवेअर वेगळं, लॅबचं वेगळं, वॉर्डातलं आणखी वेगळं. त्यांचं आपापसात बोलणं नाही. मग मधे एक इंजिन बसवतात. ते पोस्टमनसारखं याचा निरोप त्याला नेऊन देतं. निरोपांची भाषा एचएलसेव्हन. पेशंट दाखल झाला की एडीटी नावाचा निरोप निघतो, तपासणीचा निकाल आला की ओआरयू. प्रत्येक वाटेला एक चॅनेल आणि प्रत्येक चॅनेलला एक नाव.

तर झालं असं, की एका संध्याकाळी ओपीडीचे लॅब-निकाल पुन्हा पुन्हा जायला लागले. तेवढं चॅनेल थांबवायचं होतं, दोन मिनिटांचं काम. मी काळ्या स्क्रीनवर स्टेटसची कमांड दिली. समोर तक्ता आला: क्रमांक, नाव, चालू की बंद, रांगेत किती. नावाच्या रकान्याला जागा वीस अक्षरांची. त्यापुढचं सगळं कापून दोन टिंबं. आमची नावं मात्र लांबलचक, 'लॅब ते वॉर्ड निकाल बायोकेमिस्ट्री ओपीडी' अशा धर्तीची. स्क्रीनवर १४ आणि १५ या दोन ओळी हुबेहूब सारख्या! एक ओपीडीची, दुसरी आयसीयूची. थांबवताना क्रमांक द्यायचा असतो. मी १४ दिला. सवयीनं. मागच्या वेळी तोच होता असं वाटलं.

१४ आयसीयूचं होतं.

माझ्या लक्षात यायला पंचवीस मिनिटं गेली. ओपीडीचे निकाल थांबेनात, आणि १४ पुढचा रांगेचा आकडा मात्र वाढत चाललेला. छातीत धस्स झालं. चॅनेल चालू केलं, रांग भराभर रिकामी झाली. त्या रांगेत एका पेशंटचं पोटॅशियम होतं, ६.८. साधारण पाचपर्यंत असायला हवं. एवढं वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. जीवावर बेतेल असा आकडा आला की लॅबने फोन करून सांगायचा नियम असतो. तो फोन वेळेवर गेला होता म्हणून पेशंटला वेळेवर उपचार मिळाले. आमच्यामुळे नव्हे, आमच्याशिवाय.

कुणी रागावलं नाही. अहवालात 'कारण' या रकान्यात 'मानवी चूक' एवढंच लिहिलं गेलं. ते खोटं नव्हतंच. पण रात्री झोप लागेना म्हणून त्या कमांडची मदत उघडून वाचली. तिथे दुसऱ्याच ओळीत पर्याय होता: पूर्ण नावं दाखवा. चार वर्षं मी ती कमांड रोज वापरत होते, हो!

हे काही आमच्याच इंजिनाचं वैशिष्ट्य नाही. लिनक्सवर 'पीएस' स्क्रीनच्या रुंदीला ओळ कापतं, 'डब्ल्यू-डब्ल्यू' दिलं तर सोडतं. 'सिस्टिमसीटीएल'ला 'एल' द्यावा लागतो, 'डॉकर पीएस'ला 'नो-ट्रंक'. या सगळ्यामागे ऐंशी अक्षरांच्या ओळीची जुनी सवय. आयबीएमचं ऐंशी रकान्यांचं पंचकार्ड १९२८ मधलं, व्हीटी-१०० टर्मिनल १९७८ मधलं. कार्ड गेलं, टर्मिनल गेलं, सवय राहिली.

दुसऱ्या दिवशी आमच्या सगळ्यांच्या मशीनवर तो पर्याय कायमचा लावून टाकला. टीममधला एक मुलगा म्हणाला, "मॅडम, तक्ता वेडावाकडा दिसतो." म्हटलं, दिसू दे. ओळ मावली नाही तर खाली उतरू दे, पण कापायची नाही. आता नवीन चॅनेलची नावंही उलटी ठेवतो, वॉर्ड आधी, बाकीचं मागून. कारण आपण नाव देताना मोठ्याकडून लहानाकडे जातो आणि कापणारा कापतो शेपूट. वेगळेपण नेमकं शेपटात असतं. आपल्या मराठीचंच बघा ना, 'हे औषध द्यायचं नाही' यातला शेवटचा शब्द कापला तर?

रविवारी आईकडे गेले, तर ती कात्रीने गोळ्यांची स्ट्रिप कापत होती, आठवड्याच्या डबीत भरायला. बीपीच्या एकाच नावाच्या गोळ्या तीन तऱ्हेच्या मिळतात: नुसती, शेवटी 'एच' असलेली आणि शेवटी 'एएम' असलेली. एचमध्ये लघवी वाढवणारं औषध जास्तीचं, एएममध्ये अ‍ॅम्लोडिपिन. आईची एएमची, बाबांची एचची. तिच्या हातातल्या तुकड्यावर नाव होतं, पण शेपूट कात्रीखाली गेलेलं.

मी जरा ओरडलेच. तिनं शांतपणे दुसरा तुकडा उचलून दाखवला. त्याला पांढरी चिकटपट्टी, वर तिच्या अक्षरात 'ह्यांची'.

"नाव कापलं गेलं की मी लिहून ठेवते गं," ती म्हणाली. "तुमच्या त्या मशीनला एवढं कळत नाही?"

मशीनचं सोडा. मलाच कळायला चार वर्षं आणि पंचवीस मिनिटं लागली.